पाचपट कशाच्या? : लायपोसोमल पूरके विकणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
लायपोसोमल लोह, व्हिटॅमिन सी, ग्लुटाथिओन, हळदीचे अर्क इत्यादी बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे सर्व संचालक

प्रत माहितीसाठी : अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी पुण्यात कर्वेनगरला गेली एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवते. 'पाचपट शोषण', 'दहापट शोषण' असे दावे छापलेल्या तुमच्या डब्या माझ्या काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, गिऱ्हाइकाची नजर आधी जाईल अशा फळीवर असायच्या. गेल्या महिन्यात मी त्या खाली उतरवल्या. का उतरवल्या ते तुम्हाला बंद पाकिटातही कळवता आलं असतं. पण त्या डब्या ज्यांनी माझ्याकडून विकत घेतल्या त्यांनाही हे कळायला हवं, म्हणून उघड लिहिते आहे.

निमित्त झालं एका बैठकीचं. तुमच्यापैकी एका कंपनीने आम्हा औषधविक्रेत्यांना जेवणाला बोलावलं होतं. पडद्यावर एक चित्र आलं. लायपोसोम, म्हणजे औषध आत भरलेला मेदाचा सूक्ष्म बुडबुडा, त्यात सोनेरी दाखवला होता. तो तोंडातून पोटात, पोटातून आतड्यात आणि तिथून न फुटता थेट रक्तात शिरतो. पुढच्याच चित्रात काळ्या बुरशीवरच्या इंजेक्शनची कुपी होती आणि खाली लिहिलं होतं की आमच्या डबीत तेच तंत्रज्ञान आहे. टाळ्या झाल्या. दहा डब्यांवर तीन मोफत अशी स्कीमही जाहीर झाली. मी त्या सभागृहात उठून काही बोलले नाही. ते मनात राहिलं.

ती कुपी मला चांगली माहीत आहे. मे २०२१ मध्ये माझ्या धाकट्या भावाला करोनातून उठता उठता म्युकरमायकोसिस, म्हणजे तीच काळी बुरशी, झाला. आधीचा मधुमेह होता, त्यात स्टेरॉइड. डोळ्याखाली सूज आली आणि दोन दिवसांत टाळू काळी पडली. डॉक्टरांनी लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी लिहून दिलं. दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम, भावाचं वजन ६० किलो, म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे रोज सहा कुप्या. आयुष्यभर औषधांच्याच व्यवसायात असलेली मी, ओळखीच्या प्रत्येक घाऊक विक्रेत्याला फोन करूनही त्या आठवड्यात दोन कुप्यांच्या वर काही मिळवू शकले नाही. पुढे रुग्णालयामार्फत औषध येत गेलं आणि भाऊ वाचला. उजवा डोळा मात्र काढावा लागला.

साधं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार जाचतं. तेच औषध लायपोसोममध्ये बांधून शिरेतून दिलं की मूत्रपिंडाला होणारी इजा कमी होते आणि मोठा डोस देता येतो. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी 'लायपोसोमल' हा शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला तो हात जोडून. तुम्ही आज डबीवर छापता तो हाच शब्द. त्याच्यामागची पुण्याई तुम्ही कमावलेली नाही. म्हणून तो वापरताना तुम्ही अधिक जपून राहायला हवं होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मुळापासून सांगते. केंब्रिजजवळच्या बाब्रहम इथल्या संस्थेत अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं की फॉस्फोलिपिड नावाचे मेदपदार्थ पाण्यात टाकले की ते आपोआप दुपदरी भिंतीचे पोकळ गोळे बनवतात. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपटी पाण्यापासून पळते, म्हणून दोन थर शेपटीला शेपटी लावून उभे राहतात. आपल्या पेशींची भिंतही अशीच असते. उकडीच्या मोदकासारखं समजा : पारी फॉस्फोलिपिडची, आत सारणाच्या जागी पाण्यात विरघळलेलं औषध. जे औषध पाण्यात विरघळत नाही ते पारीतच मुरतं. आकार मात्र मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल या कर्करोगावरच्या औषधाला मंजुरी मिळाली आणि लायपोसोम तिथल्या रुग्णालयांत पोहोचले. त्यांचं मोठं काम तेव्हापासून आजपर्यंत शिरेतूनच झालेलं आहे.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. शीर आणि पोट या दोन वाटा वेगळ्या आहेत. शिरेतून दिलेला लायपोसोम रक्तातच उतरतो. गिळलेल्या लायपोसोमला आधी जठरातलं आम्ल, मग पित्तरस, मग स्वादुपिंडातून येणारी पाचकद्रव्यं भेटतात. त्यांतलं फॉस्फोलिपेज नावाचं एक विकर तर फॉस्फोलिपिडचेच तुकडे करण्यासाठी असतं. अंड्याच्या बलकातलं आणि सोयाबीनमधलं लेसिथिन आपण पचवतो ते त्याच्याच जोरावर, आणि तुमचे बरेचसे लायपोसोम त्याच सोया लेसिथिनचे असतात. पारी पचते, सारण बाहेर पडतं. भिंत टिकाऊ करण्याच्या युक्त्या आहेत. वेगळी, घट्ट फॉस्फोलिपिडं वापरतात, कोलेस्टेरॉल किंवा इतर स्टेरॉल मिसळतात, वरून पॉलिमरचा लेप देतात. ज्याने हे केलं असेल त्याने ते सांगावं. सरसकट प्रत्येक बुडबुडा अखंड रक्तात शिरतो हे चित्र मात्र खोटं आहे, आणि औषधनिर्मिती शिकलेल्या तुमच्या माणसांना ते ठाऊक आहे.

याचा अर्थ गिळलेला लायपोसोम निरुपयोगी असतो असा नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. फुटलेल्या पारीचे तुकडे पित्तरसात मिसळून बारीक कण बनतात आणि मेदात विरघळणाऱ्या पदार्थांना ते आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतात. हळदीतलं कर्क्युमिन किंवा व्हिटॅमिन डी यांना त्याची मदत होऊ शकते. अशीच मदत वरणभातावरच्या तुपाचीही होते. डी३ ची पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या असं आम्ही सांगतो ते त्यासाठीच.

दुसरी तक्रार 'पट' या शब्दाची. कुणी पाचपट म्हणतं, कुणी दहापट, एका बाटलीवर तर वीसपट आहे. कशाच्या पाचपट? व्हिटॅमिन सी घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं की २०० मिलिग्रॅमचा साधा डोस जवळजवळ पूर्ण शोषला जातो. डोस वाढवत नेला की शोषणाचं प्रमाण घसरतं आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. जे जवळजवळ शंभर टक्के शोषलं जातं त्याचं पाचपट काय होणार? भारतीय प्रौढाची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम अशी सांगितली आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं. ज्या आजोबांनी माझ्याकडून दर महिन्याला तुमची बाटली नेली त्यांची गरज माझ्या दुकानाबाहेरचा पेरूवाला भागवू शकला असता.

तुमच्या पत्रकात २०१६ चा एक अभ्यास असतो. तो मी वाचला आहे. ११ माणसं, सगळी जास्त वजनाची. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी ४ ग्रॅम व्हिटॅमिन सी, कधी साधं, कधी लायपोसोममधलं, कधी शिरेतून. लायपोसोममधलं घेतल्यावर रक्तातली पातळी साध्यापेक्षा वर गेली आणि शिरेतून दिल्यापेक्षा बरीच खाली राहिली. हा प्रामाणिक, छोटा अभ्यास आहे आणि त्यात फायदा दिसतो. पण तो ४ ग्रॅमवर दिसतो, जिथे साधं व्हिटॅमिन आतड्याला पेलवत नाही. तुमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम आहे. ४ ग्रॅमचा निष्कर्ष ५०० मिलिग्रॅमच्या डबीवर चिकटवणं बरोबर नाही.

हळदीचंही असंच. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पाइपरिन दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. आकडा डोळे दिपवतो. पण नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात जवळजवळ काहीच सापडत नव्हतं, त्या 'जवळजवळ काहीच नाही'च्या तुलनेतली ही वाढ आहे. पट मोजताना पाया सांगितला नाही तर तो आकडा काहीच सांगत नाही. आणि रक्तातली पातळी वाढली म्हणजे गुडघेदुखी थांबली असंही नव्हे. ती वेगळी चाचणी असते आणि ती वेगळीच करावी लागते.

व्हिटॅमिन बी१२ बद्दल थोडक्यात. जठरातून पाझरणाऱ्या एका प्रथिनाच्या हाताला धरून ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं, पण त्याशिवाय साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. १५०० मायक्रोग्रॅमच्या साध्या गोळीतून असे १५ मायक्रोग्रॅम मिळतात. रोजची गरज अडीचपेक्षाही कमी. शाकाहारी पुणेकरांना बी१२ ची कमतरता खूप आहे, ती या साध्या गोळ्यांनी भरून निघते. तिथे लायपोसोम कोणती अडचण सोडवतो?

आता लोह. या पत्राचं खरं कारण हेच आहे.

माझी भाची पहिलटकरीण. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२. रक्तवाढीची लाल गोळी चालू होती. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते तीच, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. गोळीने मळमळायचं, शौचाला खडा व्हायचा. एका दवाखान्यात तिला गोळी बंद करून लायपोसोमल लोहाचं पातळ औषध दिलं गेलं. त्याला गोळीचा त्रास नाही हे खरं, आणि ते मी नाकारत नाही. बाटली माझ्याच दुकानातून गेली. एका डोसात १४ मिलिग्रॅम लोह, किंमत गोळ्यांच्या कितीतरी पट आणि लेबलवर 'पाचपट शोषण'. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.१, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. मग सलाइनमधून लोह द्यावं लागलं, तेव्हा कुठे बाळंतपणापर्यंत साडेदहाच्या वर गेलं. गरोदरपणात रक्त पातळ होतं, त्याने आकडा थोडा उतरतो, आणि एकटीच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही. तेवढं मला कळतं. पण तिच्या दोन महिन्यांचा हिशेब मी कागदावर मांडला, तो तुम्हीही मांडा.

६० मिलिग्रॅमच्या गोळीतून १० टक्के लोह शोषलं गेलं असं धरू, म्हणजे ६ मिलिग्रॅम. १४ मिलिग्रॅममधून तेवढं मिळवायचं तर जवळजवळ ४३ टक्के शोषलं जायला हवं. तुमचं 'पाचपट' अक्षरशः खरं आणि तेही फेरस सल्फेटच्या, म्हणजे नेहमीच्या गोळीतल्या लोहाच्या, पाचपट असेल, तर ५० टक्के होतात आणि हिशेब जेमतेम जुळतो. पण तुमच्या बाटलीत आहे फेरिक पायरोफॉस्फेट, लोहाचा दुसराच क्षार. ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि साध्या रूपात फेरस सल्फेटपेक्षा कमीच शोषलं जातं. तुमचं पाचपट जर साध्या फेरिक पायरोफॉस्फेटच्या पाचपट असेल, तर अख्खा हिशेब कोसळतो. लेबलवर तुलना कशाशी केली ते लिहिलेलं नाही. मी बाटलीवरच्या नंबरवर फोन करून विचारलं. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की तिला माहीत नाही. माझ्या भाचीचे आणि तिच्या पोटातल्या बाळाचे दोन महिने ज्या एका शब्दावर काढले गेले, त्याचा अर्थ कंपनीच्या फोनवर कुणाला सांगता आला नाही.

तुमच्या पत्रकात २०१५ ची इटलीतली चाचणीही असते. मूत्रपिंडाच्या ९९ रुग्णांना तीन महिने एकतर रोज ३० मिलिग्रॅम लायपोसोमल लोह तोंडाने किंवा शिरेतून लोह. तीन महिन्यांच्या शेवटी हिमोग्लोबिनची वाढ दोन्हींकडे सारखी, आणि तोंडाने घेणाऱ्यांना त्रास कमी. इथवर तुम्ही छापता. पुढचं छापत नाही. शिरेतून लोह घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन आधी चढलं, शरीरातला लोहाचा साठा त्यांचाच जास्त भरला, आणि औषध थांबल्यावर तोंडाने घेणारे पुन्हा मूळ आकड्यावर उतरले. शिवाय तो डोस ३० मिलिग्रॅमचा होता, १४ चा नव्हे.

या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दिसलं. माझ्या दुकानात पोळ्या लाटणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बायका येतात. गोळीचा त्रास झाला की त्या विचारतात, 'ताई, ते भारीतलं औषध देऊ का सुनेला?' त्यांना मी काय सांगावं? गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून प्रकार बदलता येतो. एक दिवसाआड घेणं हाही मार्ग आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गरोदर नसलेल्या, लोह कमी असलेल्या स्त्रियांत पाहिलं की दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्यापेक्षा जास्त प्रमाणात शोषलं जातं, कारण एका डोसनंतर यकृतातून सुटणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक दुसऱ्या दिवशी आतड्याचं दार अर्धं लावून घेतं. असे बिनखर्चाचे मार्ग तुमच्या बैठकीत कुणी सांगितले नाहीत.

उरलेलं भराभर सांगते. माझ्या कपाटातल्या नऊ उत्पादनांची लेबलं मी भिंग लावून वाचली. आतल्या कणांचा आकार किती नॅनोमीटर, हे एकावरही नाही. एकूण औषधापैकी किती टक्के खरोखर बुडबुड्यात बंद आहे आणि किती बाहेर मोकळं फिरतंय, हे एकावरही नाही. कोरड्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये लायपोसोम शाबूत राहिले आहेत की नुसतं लेसिथिन आणि व्हिटॅमिन एकत्र कालवलं आहे, हे ओळखायला माझ्याकडे साधन नाही, गिऱ्हाइकाकडे तर नाहीच. शिवाय फॉस्फोलिपिडं हवेने खवट होतात, उष्णतेने गळू लागतात. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि तुमची पार्सलं भर दुपारी दुचाकीच्या पिशवीत तापत फिरतात. मुदत संपायच्या दिवशी आत किती बुडबुडे शिल्लक असतात ते तुम्ही मोजलं असेल, तर दाखवा.

मी स्वतः या डब्या दोन वर्षं विकल्या आणि त्यावरचं मार्जिन घेतलं. आधी विचारायला हवं होतं ते आता विचारते आहे. ज्यांना आठवतं त्या गिऱ्हाइकांना मी बोलावून हे सांगितलं आहे.

तुमच्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

ज्या उत्पादनावर 'लायपोसोमल' लिहाल त्यावर कणांचा आकार आणि बंदिस्त औषधाची टक्केवारी छापा, बनवल्याच्या दिवशीची आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये लायपोसोम औषधांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत आकार, बंदिस्तता, गळती हे सगळं मागितलेलं आहे. म्हणजे मोजण्याच्या पद्धती आहेत आणि त्या तुम्हाला माहीत आहेत. मोजलं नसेल तर 'लेसिथिनयुक्त' असं लिहा, त्यात कमीपणा नाही.

'इतके पट' लिहायचं असेल तर त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात लिहा : कशाच्या तुलनेत, किती डोसवर, किती माणसांत, आणि अभ्यास तुमच्या या उत्पादनाचा की दुसऱ्याच कुणाच्या. हे लिहिता येत नसेल तर 'पट' काढून टाका.

लोहाच्या बाटलीवर एका डोसातलं मूलद्रव्य लोह, म्हणजे क्षार वगळून निव्वळ लोह, किती मिलिग्रॅम ते समोरच्या बाजूला ठळक छापा. त्याखाली मराठीत लिहा की गरोदर स्त्रीने डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी बंद करून हे घेऊ नये. डॉक्टरांना आणि आम्हाला देता त्या पत्रकात चाचणीचा निष्कर्ष अर्धा देऊ नका.

आणि ते अखंड बुडबुड्याचं चित्र मागे घ्या. काळ्या बुरशीच्या इंजेक्शनचं नाव व्हिटॅमिनच्या डबीशी जोडू नका. ही मागणी मी बहीण म्हणून करते.

अन्न व औषध प्रशासनाला विनंती एवढीच. ही उत्पादनं औषध म्हणून विकली जात नाहीत, आरोग्यपूरक अन्न म्हणून विकली जातात आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पुण्यातल्या दुकानांतून नमुने उचला, आत लायपोसोम आहेत का ते प्रयोगशाळेत तपासा आणि निकाल नावानिशी जाहीर करा. 'लायपोसोमल' या शब्दाची लेबलसाठी व्याख्या ठरवण्याची शिफारस अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवा. नमुन्यांसाठी कुणाला माझ्या दुकानात यायचं असेल तर ती नऊ उत्पादनं खरेदीच्या बिलांसकट एका खोक्यात काढून ठेवली आहेत.

कंपन्यांच्या उत्तराची मी दोन महिने वाट पाहीन. ज्यांच्याकडून आकडे आणि अभ्यास येतील त्यांचं उत्पादन पुन्हा फळीवर लागेल आणि ते आकडे मी शेजारी मराठीत लिहून लावीन. ज्यांच्याकडून काही येणार नाही त्यांच्याबद्दल ते खोकं घेऊन मी लेखी तक्रार दाखल करीन.

आपली,
कर्वेनगर, पुणे येथील एक औषधविक्रेती